कमानीखाली बोलायचं नसतं

झेली किती मोठ्यानं ओरडायची, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. आमची बोट शालोंहून सुटली की थेट माकोंपर्यंत फ्रान्समधल्या सोन नदीवर जेवढे पूल लागतात, तेवढ्या वेळा ही बाई बोटीच्या टोकाशी उभी राहून पुलाच्या बरंच अलीकडून गरजायची, "बसा! बसा खाली! डोकी सांभाळा!" काठावरची बदकं उडायची. द्राक्षमळ्यातली कुत्री भुंकायला लागायची. आणि वरच्या डेकवर वाइनचा पेला हातात धरून पसरलेली, आयुष्यभर पैसे साठवून एकदाची सहलीला आलेली म्हातारी मंडळी झटकन खुर्चीत बसायची.

हल्ली बोटीवर कर्णे बसवलेत. त्यातून एक गोड गळ्याची बाई चार भाषांत विनंती करते की कृपया आसनस्थ व्हावे. तिचं कोणी ऐकत नाही. गोड बोलणाऱ्याचं कोण ऐकतं? दरवर्षी दोन-चार पाहुणे मालकाकडे तक्रार करायचे, की सहल निवांत म्हणून सांगितली होती आणि ही बाई आमच्या कानात तोफा डागते. मालक झेलीला बोलावून समजावायचे. झेली मान डोलावून यायची आणि पुढच्या पुलाला आणखी मोठ्यानं ओरडायची.

मी या बोटीचा आचारी, बार्नाबे. बोटीचं नाव 'ला ग्रीव्ह'. हा आमच्याकडचा एक पक्षी. पिकलेली द्राक्षं खाऊन झिंगतो, म्हणून बदनाम. पूर्वी हिच्या पोटात गहू भरून न्यायचे. आता तिथं मऊ गाद्यांच्या खोल्या आहेत आणि एका कोपऱ्यात माझी भटारखान्याची खोपटी. सुकाणूवर आंसेल्म, झेलीचा नवरा. आम्ही तिघंही मालबोटींवर जन्मलेले, पाण्यावरचे लोक. तिघांपैकी एकालाही पोहता येत नाही. पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. आमच्या आज्या म्हणायच्या, पोहणारा बुडायचा चुकत नाही, फक्त उशिरा बुडतो.

आता आमची एक रीत सांगायला हवी. बोटीचं टोक पुलाच्या कमानीत शिरलं की शेपूट बाहेर पडेपर्यंत बोटीवर कोणी ब्र काढायचा नाही. इंजिनं नव्हती तेव्हा सुकाणूवरचा माणूस खांबांवर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून बोट वळवायचा. कोणी बोललं, त्याचं लक्ष गेलं, की बोट दगडावर. इंजिनं आली, कमानी रुंद झाल्या, पण रीत राहिली ती राहिलीच. आम्हांला ती आईच्या दुधाबरोबर पाजतात. चालायला लागलेल्या पोराच्या ओठांवर बोट ठेवून सांगतात, कमानीखाली जो बोलतो त्याला नदी उत्तर देते. काय उत्तर देते हे कोणी सांगत नाही, आणि पोरं विचारतही नाहीत. मी आज साठीला आलो, पण कमानीची गार सावली मानेवर पडली की माझी जीभ अजून आपोआप टाळूला चिकटते.

झेलीचंही तेच. पुलाआधी इतकी गरजणारी बाई, पण टोक कमानीत शिरलं की चिडीचूप. आणि सां-ब्लेझ गावच्या पुलाला तर ती ओरडून झाल्याबरोबर खाली माझ्याकडे यायची. माझ्याकडे पाठ करून, बटाटे नसले तरी बटाटे शोधून सोलत बसायची. मी काही विचारायचो नाही. मला ठाऊक होतं. पाण्यावर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

झेली नऊ वर्षांची असताना तिच्या बापाची बोट वाळू भरून त्या पुलाखालून चालली होती. बाप सुकाणूवर, आई टोकाशी बांबू घेऊन, आणि धाकटा भाऊ ओक्ताव्ह आमच्याकडची लहान पोरं असतात तसा छातीला पट्टे बांधून सुकाणूच्या खोपटीच्या कडीला अडकवलेला. चार वर्षांचं पोर ते. त्या दिवशी त्याला पट्ट्याचं बक्कल काढायची युक्ती पहिल्यांदा जमली. झेली वाळूच्या ढिगावर बसली होती. बोट कमानीत शिरली आणि तिनं पाहिलं, ओक्ताव्ह सुटलाय आणि बोटीच्या काठावरून दुडूदुडू चाललाय. आईचा डोक्याचा रुमाल उडून काठाला अडकला होता, तो आणायला. झेलीनं पाहिलं. तोंड उघडलं. आणि मिटलं. कमानीखाली बोलायचं नसतं.

बोटीची शेपूट उन्हात आली तेव्हा तिनं हाक मारली. तोवर काठावर रुमालही नव्हता.

ओक्ताव्ह खालच्या बंधाऱ्यापाशी सापडला. झेलीनं बापाला सगळं सांगितलं, आपण पाहिलं होतं हेही सांगितलं. बापानं तिला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू रीत पाळलीस. शहाणी पोर आहेस." आईनं त्यानंतर तिच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. आणि बुडालेल्या माणसाचं नाव पाण्यावर घ्यायचं नाही ही आमची दुसरी रीत, त्यामुळे ओक्ताव्ह हे नाव त्या बोटीवर पुन्हा कोणी उच्चारलं नाही. घरच पाण्यावर, मग घ्यायचं कुठं?

एवढी हकिगत. बाकीचं आयुष्य ती ओरडत राहिली.

गेल्या हिवाळ्यात तिचा आवाज बसला. सर्दी म्हणाली, धूर म्हणाली. मार्चमध्ये बोट रंगवायला काढली तेव्हा ती ल्योंच्या मोठ्या इस्पितळात जाऊन आली आणि माझ्या भटारखान्यात स्टुलावर बसली. मी कांदे चिरत होतो.

"घसा काढणार म्हणतात," ती म्हणाली. आवाज करवतीनं लाकूड कापावं तसा.

"काढणार म्हणजे?"

"म्हणजे काढणार. तू कोंबडीची मान काढतोस तसा. आतलं बोलायचं जे काय असतं ते सगळं."

"मग बोलणार कशी?"

"नाही बोलणार. आंसेल्मला सुख." ती हसली, आणि हसता हसता खोकली. खोकला थांबल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "बार्नाबे, मला भीती वाटते रे."

या बाईच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. पुरात वाहून आलेलं झाड बोटीवर येताना पाहून जिनं त्याला शिव्या घातल्या, ती ही बाई. कांदा तसाच ठेवून मी तिच्यासमोर बसलो.

"ऑपरेशनची?"

"छे. कापू देत. मी झोपलेली असणार." तिनं घशावर हात ठेवला. "आवाज गेला की मग ते राहूनच जाईल. मला त्याला हाक मारायचीय. एकदा. तिथंच, कमानीखाली. तेव्हा मारायला हवी होती तशी."

खरं सांगायचं तर माझ्या अंगावर काटा आला होता. कमानीखाली बोलायचं, तेही बुडालेल्याचं नाव. पाण्यावरच्या माणसानं एका दमात दोन्ही रिती मोडायच्या. शहरातल्या लोकांनी हसावं, मी अशा गोष्टींना हसत नाही.

"डॉक्टर म्हणाला, आवाज जपून वापरा, ऑपरेशनच्या आधीच जाईल एखाद्या दिवशी," ती म्हणाली. "एप्रिलच्या पहिल्या फेरीनंतर ऑपरेशन आहे. तेव्हा फेरीभर मी तोंड उघडणार नाही. सगळा आवाज त्या पुलासाठी ठेवणार. बाकीच्या पुलांना तू ओरड."

"मला कुठं ओरडता येतं?"

"मग भांडं बडव. नाहीतरी तू आयुष्यभर दुसरं काय केलंस?"

अशी ती फेरी सुरू झाली. झेली मुकी, आणि मी तांब्याचं मोठं पातेलं आणि पळी घेऊन बोटीच्या टोकाशी. पहिल्या पुलाला मी बडवायला लागलो तर पाहुणे बसायचे ते बसलेच, वर टाळ्या वाजवल्या. गोतिये नावाचे एक लील शहरचे साहेब होते, त्यांनी विचारलं, "ही इथली जुनी परंपरा का?" मी म्हटलं, "रोमन लोकांपासूनची." त्यांनी टिपून घेतलं.

हे गोतिये साहेब म्हणजे पुलाखालून जाणाऱ्या बोटीला शाप. इतका उंच माणूस मी पाहिला नाही. आम्ही आपसात त्यांना शिडी म्हणायचो. खोली दोघांची ठरवली होती, आले एकटेच. बायको हिवाळ्यात वारली, असं त्यांनी पहिल्याच जेवणाला शेजारच्या बाईंना सांगितलं, आणि मग दुसऱ्या खुर्चीवर कॅमेरा ठेवला. सारखे उभे राहायचे. चर्च दिसलं की उभे, बगळा दिसला की उभे. खांद्याला धरून मी त्यांना किती वेळा बसवलं असेल. "माफ करा, तिला दाखवायची सवय आहे," म्हणायचे. मग आपणच ओशाळून पेला उचलायचे.

आणि नदी चढायला लागली.

सोन दांडगाई करणारी नदी नव्हे. ती चोरासारखी चढते. वर डोंगरात कुठं तरी पाऊस पडतो, आपल्या डोक्यावर निळं आभाळ असतं, आणि घाटाची एकेक पायरी गुपचूप नाहीशी होते. तूर्नू गावी आम्ही बोट बांधली तेव्हा पाणी चहासारखं तपकिरी झालं होतं. फांद्या चालल्या होत्या, कोणाच्या तरी परसातलं कोंबड्यांचं खुराडं चाललं होतं. पाहुणे मळ्यात वाइन चाखायला गेले होते. तिथल्या द्राक्षवेलींना रात्री हिमानं चाटलं म्हणून मळेवाले रडकुंडीला आलेले, आणि हे लोक त्यांच्यापुढं पेल्यातला वास घेत उभे. आंसेल्म घाटावरच्या मोजपट्टीपाशी पुन्हा पुन्हा जाऊन यायचा. परतला की तोंड आणखी लहान झालेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर तो खाली आला. झेली माझ्याकडेच होती.

"सां-ब्लेझला जेमतेम जाईल," तो म्हणाला. "सुकाणूच्या खोपटीचं छप्पर उतरवायचं, कठडे आडवे करायचे, डेकवरचं छत काढायचं. बसलेला माणूस जाईल. उभा असला तर नाही. मी म्हणतो इथंच थांबू. पाहुण्यांना बसनं पाठवू. तू आगगाडीनं ल्योंला जा."

झेलीनं मान हलवली.

"अगं, पाणी बघ तरी!"

ती उठली, त्याच्या अगदी जवळ गेली आणि कुजबुजली. साठवलेला आवाज तिनं त्या फेरीत पहिल्यांदाच खर्च केला. "नियमानं जाता येतं ना?"

"नियमानं येतं. मनानं येत नाही." आंसेल्मनं टोपी काढून हातात चुरगळली. "आणि तू तिथं काय करणार आहेस ते मला ठाऊक आहे. बार्नाबेच्या तोंडाला झाकण नाही. झेली, माझ्या सुकाणूखाली कमानीत कोणी बोललं नाही. माझ्या बापाच्याही नाही."

"तुझ्या बापाचं पोर नाही बुडालं."

शेगडीवर रस्सा उकळत होता, मी उगाच त्यात पळी फिरवली.

"बुडालेल्याचं नाव पाण्यावर घेतात का गं?" आंसेल्म अखेर म्हणाला. चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस लहान पोरासारखा घाबरला होता, आणि मला त्याचं हसू आलं नाही. "एवढं पाणी चढलंय. वर सगळे पाहुणे. तू हाक मारलीस आणि त्यानं उत्तर दिलं तर?"

"देऊ दे," झेली म्हणाली. "मी तेवढ्यासाठीच तर मारतेय."

आंसेल्मनं माझ्याकडं पाहिलं. "तू सांग तिला काही."

"मी आचारी माणूस," मी म्हटलं.

तो वर गेला. थोड्या वेळानं छपराचे खिळे काढल्याचा आवाज यायला लागला. झेलीनं माझी बाही ओढली आणि पातेल्याकडं बोट दाखवून कुजबुजली, "त्या पुलाला हे वाजवू नकोस. कमानीत घुमत राहतं ते. माझी हाक त्यातून जायची नाही. माणसांना तू आधीच हातानं बसव."

मी बरं म्हटलं. चूक झाली ती इथं. वाजवण्यात आणि बसवण्यात फरक असतो हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बसवलेला माणूस उठू शकतो.

सां-ब्लेझला पोचायला दुपार झाली. स्वच्छ ऊन होतं, पाहुणे खुशीत. मी चीजचे गरम गोळे फिरवले आणि फिरवता फिरवता एकेकाला बसवत गेलो. "बाई, बसून घ्या. साहेब, पाय आत." गोतिये साहेबांना दोन्ही खांदे दाबून बसवलं. त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. "पूल गेल्याशिवाय उठायचं नाही," मी बजावलं. त्यांनी शाळकरी मुलासारखी मान हलवली. मग मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो, डोकं डेकच्या बरोबरीला येईल एवढा खाली.

वळण संपलं आणि पूल दिसला. मी त्याखालून शेकडो वेळा गेलोय. कमान नेहमी दरवाज्यासारखी दिसायची, त्या दिवशी मिटत आलेल्या डोळ्यासारखी दिसत होती. खांबांपाशी पाणी फुगून वर येत होतं आणि कमानीत शिरताना घुरघुरत होतं. पुलाशेजारीच सां-ब्लेझचं छोटं देऊळ. हा आमचा घशाचा कैवारी संत. फेब्रुवारीत त्याच्या सणाला पाद्री दोन मेणबत्त्यांची कातरी करून लोकांच्या गळ्याला लावतात. झेली दरवर्षी जायची. मागं एकदा म्हणाली होती, "त्याच्याच दारात मी मुकी झाले, आणि मलाच मेणबत्ती लावतो लेकाचा."

ती टोकाशी उभी होती, वरच्या डेकहून खालच्या फळीवर, तिथं दगड डोक्याला लागत नाही. पुलाकडं पाठ, तोंड मागं, आमच्याकडं. सुकाणूच्या खोपटीकडं, जिथं पूर्वीच्या बोटींवर पोरांना बांधायची कडी असायची. एक हात घशावर. तोंडाचा रंग उडाला होता. मला वाटलं ही आता खाली बसेल, माझ्याकडं बटाटे सोलायला येईल. आली असती तर बरं, असंही वाटलं.

आंसेल्मनं इंजिन मंद केलं. छप्पर काढलेल्या खोपटीत तो गुडघे मोडून वाकला होता, फक्त डोळे वर. बोटीचं टोक सावलीत शिरलं. गारवा आला, शेवाळाचा वास आला. पाहुण्यांना रीत ठाऊक नव्हती, तरी तेही गप्प झाले. कमानीचा दगड इतका जवळून डोक्यावरून सरकत होता की एका बाईंनी डोळे मिटून घेतले. झेली सावलीत गेली. तिचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. तिनं पुन्हा श्वास घेतला.

आणि मधल्या रांगेत गोतिये साहेब उभे राहिले.

त्यांचं तोंड मागं होतं. देवळावर ऊन पडलं होतं, घंटेशी एक करकोचा बसला होता. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि देवाशपथ सांगतो, डाव्या हातानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं 'बघ' अशी खूण केली. त्यांच्या पाठीमागून दगड येत होता. म्हणजे दगड कुठला येतोय, आम्हीच त्यांना दगडाकडं नेत होतो. माणूस चालतो त्याच वेगानं.

मी पाहिलं. तोंड उघडलं. जीभ हलेना. हातात पातेलं नव्हतं. मी आंसेल्मकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं होतं, त्याचे डोळे फाटले होते, इंजिन त्यानं उलटं टाकलं होतं, पण भरलेली बोट काही घोडा नव्हे, लगाम ओढला की थांबायला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले. आम्ही पाण्यावरचे लोक असे मख्खासारखे बघत राहिलो आणि साहेबांच्या मानेमागं दगड येत राहिला.

"ओक्ताव्ह!"

ती हाक मी कधी विसरणार नाही. तिचा तो पुलांवरचा पहाडी आवाज नव्हता, आणि करवतीचाही नव्हता. लहान मुलगी गल्लीच्या टोकाला गेलेल्या भावाला ओरडते तशी पातळ, चिरकी, रागावलेली हाक. कमानीनं ती उचलली, खांबांवर आपटली, परत आणली. ओक्ताव्ह, ओक्ताव्ह, असं पाण्यातूनच कोणीतरी म्हणतंय असं वाटलं. आंसेल्मनं छातीवर क्रुसाची खूण केली.

गोतिये साहेब दचकून वळले. समोर दगड पाहिला आणि त्यांचे गुडघेच मोडले. शिडी कोसळावी तसे ते दोन खुर्च्यांच्या मध्ये कोसळले. दगडानं त्यांची गवती टोपी उचलली, घासत घासत कमानीभर नेली आणि पलीकडं पाण्यात टाकली.

आम्ही उन्हात आलो. आधी दोन-तीन जण हसले. मग साहेबांच्या टकलावरून रक्ताचा ओघळ आलेला दिसला आणि सगळे एकदम बोलायला लागले. मी धावलो. वरवर खरचटलं होतं, जास्त काही नव्हतं. फडकं बांधलं, घरची कडक दारू पाजली. त्यांचे दात पेल्यावर वाजत होते. माझेही वाजले असते, पण मी सरळ बाटलीतून घेतली.

मग टोकाशी गेलो. झेली दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली होती. माझ्याकडं पाहून तिनं तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. नुसता वारा. तिनं खांदे उडवले आणि मागं त्या कमानीकडं पाहत राहिली. नदीनं उत्तर दिलं की नाही, दिलं असेल तर काय दिलं, हे मला कळलं नाही. हाक कोणाला होती हेही मी ठरवू शकलो नाही. मी तिच्या शेजारी बसलो. आमच्या पाठीमागं आंसेल्म मोठ्यानं रडत होता, आणि रडत रडत बोट सरळ नेत होता.

माकोंच्या घाटावर पाहुणे उतरले तेव्हा गोतिये साहेब सगळ्यांत शेवटी आले, डोक्याला पट्टी, कॅमेरा हातात. तिथून झेलीला ल्योंला न्यायला गाडी यायची होती. तिची पेटी शेजारी होती, आंसेल्म पेटी धरून उभा. साहेबांनी वाकून झेलीचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही ओरडला नसता तर मी आज तिच्याकडे गेलो असतो," ते म्हणाले. "मी तिला सांगितलं तसं. पण बाई, एक विचारू? तुम्ही नाव कोणाचं घेतलंत? ओक्ताव्ह कोण?"

आंसेल्मनं मान खाली घातली. बोट शेजारीच बांधलेली, पायांखाली लाकडी धक्का, त्याखाली पाणी. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर झेलीनं हात वर करून मला थांबवलं.

मग तिनं तोच हात खाली नेला, कमरेच्याही खाली, आणि तळवा पालथा धरला. एवढा, असं तिनं साहेबांना दाखवलं. हात तिथून लगेच काढला नाही. गाडीचा भोंगा वाजेपर्यंत तो तिथंच होता, आणि मध्ये एकदा हलकेच थोपटल्यासारखा हलला.